दस्त्याची बैठक

मिस्त्रीला कुणी बंदूकवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. “बंदुका विकतो तो बंदूकवाला. मी बैठक करणारा माणूस आहे,” असं तो सुनवायचा, मग समोर जुनं गिऱ्हाईक असो नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस. आता बैठक म्हणजे काय हे त्या मीटरवाल्याला कुठून कळणार? पण मिस्त्रीला तेवढंच निमित्त पुरायचं. त्याला स्टुलावर बसवून तो सगळं समजावून सांगायचा, आणि मीटर राहायचं बाजूला.

नेमबाजीच्या रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्यात नुसतं ठेवून दोन स्क्रू आवळले, तरी गोळी सुटते. पण ती रोज नव्या ठिकाणी जाते. लोखंडाला लाकडात एका जागी टेकू जास्त आणि दुसऱ्या जागी कमी मिळाला, की ते आवळल्यावर वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण वाकतं. म्हणून दस्त्यात आतून थोडं लाकूड कोरायचं, तिथे कालवलेला लेप भरायचा, लोखंडाला मेण लावून ते त्या लेपात अलगद ठेवायचं आणि सुकू द्यायचं. मग लोखंड उचललं की आत त्याचा हुबेहूब ठसा उरतो. ती बैठक. “अलगद” या शब्दावर मिस्त्रीचा सगळा जोर असायचा. जरा दाबलं की लेप दाबलेल्या अवस्थेतच सुकतो, आणि ती रायफल जन्मभर कुरकुरत राहते.

बैठक खरी की खोटी हे पाहायची त्याची रीत साधी होती. नळी आणि दस्ता जिथे पुढे भेटतात त्या फटीवर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने स्क्रू हळूहळू सैल करायचा. बैठक खरी असेल तर बोटाखाली काहीच घडत नाही. खोटी असेल तर नळी केसभर वर येते. बाकीचे कारागीर कागदाच्या पट्ट्या सरकवून बघत, भिंगं लावत. मिस्त्री डोळे मिटून बोट ठेवायचा आणि निकाल द्यायचा. त्याच्या निकालावर कुणी वर तोंड करून बोलत नसे. फक्त बायको म्हणायची, “भाजीत मीठ नाही हे या माणसाला कळत नाही, पण नळी केसभर हललेली कळते. बंदुकीशीच लग्न करायचं होतं की!”

या कामात त्याला पहिली साथ दिली ती लेकीने. रायफल उलटी धरायची, स्क्रू सोडवायचा आणि बोटही ठेवायचं, म्हणजे तीन हात असते तर बरं. मग मिस्त्री हाक मारायचा, “बोट दे गं!” आणि पोरगी हातातलं टाकून धावत यायची. “हललं,” नाहीतर “नाही हललं,” एवढंच सांगायची. मिस्त्री स्वतः पुन्हा पाहून खात्री करायचा, पण पोरीचं बोट सहसा चुकत नसे. दुकानातली ती जागा तिची होती. पुढे लेप कालवणं, मेण लावणं, पटाशी परजणं, सगळं तिने पाहून पाहून उचललं. तिला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, आणि कुणी हाकललंही नाही.

शिक्षण संपल्यावर एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, मी दुकानातच बसते तुमच्याबरोबर. हेच काम करते.”

मिस्त्रीची पंचाईत झाली. थोरला भाऊ वारल्यावर त्याने वहिनीला शब्द दिला होता की दुकान पुतण्याला सांभाळायला देईन. शिवाय, खरं सांगायचं तर, मुलगी बंदुकांच्या दुकानात बसलेली गिऱ्हाइकांना चालेल का, हाही किडा डोक्यात होताच. पण लेकीच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने पळवाट काढली. म्हणाला, “एक बैठक एकटीने करून दाखव. जमली तर बघू.” जमणार नाही अशी त्याची खात्री होती. त्याला स्वतःला हे काम हातात बसायला वर्षं लागली होती.

नेमबाजीच्या क्लबची एक जुनी रायफल दुकानात पडून होती. लेकीने तिच्यावर काम केलं. मिस्त्री मुद्दाम दुकानात फिरकला नाही. तिने हाक मारली तेव्हा तो आला, त्याने डोळे मिटले, बोट ठेवलं आणि स्क्रू सैल केला. बोटाखाली काहीही हललं नाही. इतकी शांत बैठक त्याच्या स्वतःच्या हातूनही क्वचितच झाली असेल. त्याने दुसरा स्क्रू सोडवला. तरी काही नाही. लेक त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

“हलतंय,” मिस्त्री म्हणाला.

“कुठे?”

“पुढे. अगदी केसभर. पण हलतंय.”

लेकीने मान डोलावली. हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली आणि आत गेली. पुढच्याच आठवड्यात पुतण्या दुकानात आला. थोड्याच काळात त्याला कानशीचा कंटाळा आला आणि तो मोबाइलच्या दुकानात लागला. लेक तोवर दुसऱ्या गावी दातांच्या लॅबमध्ये कामाला गेली होती. तिथे ती कवळ्या बनवायची. तिचं लग्न झालं, संसार मार्गी लागला. आईला भेटायला ती यायची, पण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. बापाशी बोलणं तब्येतीपुरतं. मिस्त्रीने मनाशी समजूत करून घेतली होती, की आपण खोटं बोललो हे तिला कळलंय. तिचं बोट काय लेचंपेचं होतं? तिला कळलं असणारच, आणि त्याचाच राग ती धरून आहे. राग धरायचा तिला हक्क होता, असंही त्याला वाटायचं. क्लबमध्ये ती जुनी रायफल कुणाच्या खांद्याला दिसली की तो दुसरीकडे बघायचा.

अशी वर्षं गेली. मिस्त्री म्हातारा झाला, रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण काम चालू होतं.

मग पोस्टातली बाई आली. दिवसभर काउंटरवर शिक्के मारणारी, सुट्टीच्या दिवशी रेंजवर पालथी पडून नेम धरणारी. वर्षानुवर्षं ती संघात राखीव होती. म्हणजे सगळ्यांबरोबर जायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. या खेपेला तिचे गुण चांगले पडत होते, आणि नेमका रायफलीचा दस्ता पडून चिरला. सुताराकडून तिने मापाचा नवा दस्ता करून घेतला होता. आता बैठक हवी होती.

“काका, निवड चाचणी जवळ आलीये. सगळे म्हणतात, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस,” ती म्हणाली.

मिस्त्री फुशारला. त्याने मन लावून काम केलं, सुकवलं, बोट ठेवलं, स्क्रू सोडवला. काही हललं नाही. “घेऊन जा,” तो म्हणाला. “आता चुकलीस तर तुझा दोष.”

काही दिवसांनी ती परत आली. अपराध्यासारखी उभी राहून तिने टार्गेटचा कागद पुढे केला. गोळ्या दोन ठिकाणी पडल्या होत्या. एक पुंजका वर, एक खाली, मध्ये कोरा कागद. दोन पुंजके म्हणजे काय, हे मिस्त्रीला कुणी सांगायची गरज नव्हती. खोटी बैठक. तरी तो तिच्यावरच उखडला. “श्वास धरता येत नाही, नाव दस्त्याचं! गोळ्या कुठल्या वापरल्यास? आणि सुताराला लाकूड तरी कळतं का?” बाई रायफल ठेवून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “पण बघा ना काका एकदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चहाचं पातेलं उतरवत होता. बायको मागून किंचाळली, “अहो, सोडा ते! फडकं कुठंय? हात भाजतोय तुमचा!” त्याने पातेलं खाली ठेवलं. बोटांची टोकं लाल झाली होती, एकावर फोड येत होता. आणि त्याला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं.

त्याने फोडावर नख दाबून पाहिलं, तेही कळलं नाही. मग उठला आणि बायकोला म्हणाला, “जरा दुकानात चल.”

“मी? त्या तेलकट खोलीत? आज काय सूर्य भलतीकडे उगवलाय का?”

“चल म्हणतो ना.”

त्याने बाईची रायफल उलटी धरली आणि बायकोचं बोट फटीवर ठेवलं. तिने सगळ्या जन्मात एकाही बंदुकीला हात लावला नव्हता. त्याने स्क्रू जरासा फिरवला.

“अहो, हललं की!” ती म्हणाली. “चांगलं हललं. हे हलायचं असतं का?”

मिस्त्री स्टुलावर बसला. बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि तिची थट्टा तिथल्या तिथे विरली. तिने नुसता त्याचा हात हातात घेतला. तिने घेतलाय हे त्याला दिसलं म्हणून कळलं.

तरी माणूस इतक्यात हार मानतो का? बायकोचं बोट उसनं घेऊन त्याने पुन्हा सगळं केलं. जुना लेप खरवडला, नवा भरला, लोखंड ठेवलं. दुसऱ्यांदाही नळी हललीच. कारण बिघाड तपासणीत नव्हता, ठेवण्यात होता. ज्या बोटांना कळत नाही ती जास्त दाबतात. त्याला वाटायचं आपण अलगद ठेवतोय, आणि अंगठे सगळं वजन घालत होते. सारखी खरवडाखरवडी त्या लाकडाला सोसणार नव्हती. एकदाच आणखी करता आलं असतं, आणि ते करणारा हात चांगला हवा होता.

ज्याच्याकडे लोक पत्ता शोधत यायचे तो आता कारागीर शोधत निघाला. रायफल बरोबर नेणं शक्य नव्हतं, परवान्याच्या मालकाशिवाय ती दुकानाबाहेर काढता येत नाही. म्हणून कारागिरालाच आपल्याकडे आणायचं त्याने ठरवलं. बसने तो एका जुन्या ओळखीच्याकडे गेला. तिथे आता कप आणि पदकं विकायला ठेवली होती. “बैठक? कोण करतं आता? लोक नवीन रायफल घेतात,” मालक म्हणाला आणि चहा विचारायलाही विसरला. दुसऱ्या एकाला मिस्त्री जन्मभर ‘लोहार’ म्हणून हिणवत आला होता. नाक मुठीत धरून त्याच्याही दारात गेला. त्याच्या मुलीने दार उघडलं. लोहार गेल्या वर्षीच वारला होता. हत्यारं भंगारात दिली, ती म्हणाली. कुणी मागायला आलं असतं तर दिली असती. मिस्त्री तिथेच पायरीवर बसला. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली त्याच्यासाठी त्याचे डोळे भरून आले.

घरी आला तेव्हा बायको म्हणाली, “गावभर फिरलात. पोरीला विचारलंत?”

“ती नाही यायची.”

“का? तिला जमणार नाही?”

जमतं, हेच तर मिस्त्रीला माहीत होतं. बायकोला ती जुनी गोष्ट त्याने कधीच सांगितली नव्हती. शेवटी तिनेच फोन उचलला आणि लेकीला सगळं सांगितलं, बापाच्या बोटांचंही.

लेक सुट्टी पडताच आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि आत आली. केसांत पांढरी बट, नाकावर चष्मा. तिने बरोबर लॅबमधलं मेण आणि बारीक सुऱ्या आणल्या होत्या. “कवळी आणि हे एकच हो बाबा,” ती म्हणाली. “दाबली की माणूस जेवताना रडतो.” मिस्त्री हसला. मग तिचं काम बघत राहिला. तिने लेप भरला, लोखंड दोन बोटांनी तोललं आणि सोडलं. दाबलं नाही. स्वतःच्या वजनानेच ते खाली गेलं. मिस्त्रीचे अंगठे मांडीवर आपोआप वळले होते. मनात एकच घोळत होतं. हिला आपण घालवलं.

सुकल्यावर दुसऱ्या दिवशी तिने लोखंड उचललं, साफ केलं, परत बसवलं. स्क्रू आवळले, आईला एक स्क्रू हळूहळू सैल करायला लावलं आणि स्वतः बोट ठेवलं. मग आईला ठेवायला सांगितलं. मग परत स्वतः ठेवलं. “नाही हलत ना गं आई? नक्की?” असं तिने इतक्यांदा विचारलं की आई म्हणाली, “अगं, आता लिहून देऊ का?” मिस्त्रीला कुणी बोट मागितलं नाही.

पोस्टातली बाई येऊन रायफल घेऊन गेली आणि दुपारी धावतच परत आली. कागदावर दोन पुंजके नव्हते. मधोमध एकच भोक होतं, कडा फाटलेलं, त्यातूनच सगळ्या गोळ्या गेल्या होत्या. पुढे चाचणीत तिची निवडही झाली. पण त्या दुपारी ती नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती. तिने मिस्त्रीच्या पाया पडायला वाकून म्हटलं, “काका, तुमच्या हाताला तोड नाही.”

“माझ्या नाही,” मिस्त्री मागे सरकत म्हणाला. “तिच्या.”

बाई गेली. आई चहा ठेवायला आत गेली. दुकानात दोघंच उरली. लेक तो कागद उजेडाकडे धरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचं हसू आलं होतं, बोट द्यायला धावत यायची तेव्हाचं.

“या वेळी जमलं, नाही बाबा?” ती म्हणाली. “त्या वेळी हललं होतं. किती दिवस मी विचार करत होते, नक्की कुठे चुकलं असेल. मेण जाड लागलं असेल का, की मीच घाई केली.”

तिला कळलंच नव्हतं. इतकी वर्षं ती रागावलेली नव्हतीच. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. दुकानात ती पाऊल टाकत नव्हती ती लाजेने.

आता गप्प बसला असता तरी चाललं असतं. पोर आनंदात होती, चहा होत होता. पण कागदाकडे बघताना ती पुन्हा स्वतःची चूक शोधायला लागली होती, आणि ते त्याला बघवेना.

“तेव्हाही हललं नव्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“तेव्हा. नव्हतं हललं. मी खोटं बोललो. दुकान पुतण्याला द्यायचं कबूल केलं होतं मी.”

लेकीने कागद खाली ठेवला. “जरासुद्धा नव्हतं हललं?”

“जरासुद्धा नाही. माझ्याहून चांगली झाली होती.”

ती आपल्या बोटाकडे बघायला लागली. ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मिस्त्रीला सोसलं असतं. तो त्याच तयारीने खाली मान घालून बसला होता.

“तुमच्या आधी मी बोट ठेवून पाहिलं होतं,” ती म्हणाली. “मला नव्हतं लागलं काही. मग तुम्ही म्हणालात हलतंय. मला वाटलं, माझं बोटच खोटं आहे.” तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला लागली. “लॅबमध्ये हसतात मला सगळे. माझी कवळी मी कधी तशीच पाठवत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारते, बघ गं, नीट झालीये ना? ती हो म्हणाली की मगच डबीत भरते. तिला मीच शिकवलंय, बाबा.”

मिस्त्रीला रडू फुटलं. तिने त्याला थांबवलं नाही आणि जवळही आली नाही. आपल्या सुऱ्या गुंडाळल्या, मेणाची डबी पिशवीत टाकली. आतून आईने हाक मारली, चहा झालाय म्हणून. “बस चुकेल गं आई,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

बाहेर जाऊन तिने दुकानाचं जाळीचं दार ओढून घेतलं आणि कडी सरकवली. दोन पावलं गेली आणि मागे वळली.

“बाबा, बघा हो जरा. लागलीये का नीट?”

“लागलीये,” मिस्त्री आतून म्हणाला. “नीट लागलीये, पोरी. तूच लावलीयेस.”

तरी तिने दार एकदा हलवून पाहिलं, आणि मग गेली.